महिलांना फोनवरून कायद्याची माहिती : मराठवाड्याच्या संदर्भात पार्श्वभूमी

पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले आणि देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले. बलात्कारविषयक कायद्यातील दुरुस्ती आणि सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारे कलम ४९८-अ, हे दोन्ही बदल १९८३ सालचे. मात्र त्यांची खबर बीड-परभणीच्या वाड्यावस्त्यांवर पोचवणारी यंत्रणा तेव्हा जवळपास नव्हतीच.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. बायकांना सर्वांत कमी सांगितली गेलेली गोष्ट हीच, असे मला वाटते. २००९ पासून विधी स्वयंसेवकांची, म्हणजे वकील नसूनही लोकांना कायद्याची वाट दाखवणाऱ्यांची, योजना आली, १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक सुरू झाला, आणि डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर १८१ ही महिला हेल्पलाइन उभी राहिली. पूर्वी गावातल्या एसटीडी बूथवरून बोलायचे म्हणजे बूथवाल्याच्या कानावर सगळे घालण्यासारखेच होते. मोबाइलने ती अडचण कमी केली, पण पुरती संपवली नाही, कारण फोन पुष्कळदा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. म्हणूनच जाणती स्वयंसेविका तक्रार ऐकण्याआधी विचारते, “ताई, आत्ता बोलता येईल का? जवळ कुणी आहे का?”

मराठवाड्यासाठी या कामाला खरे बळ दिले ते कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याने. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम २७ नुसार स्त्री जिथे राहते, मग ते राहणे तात्पुरते का असेना, तिथल्या न्यायालयात तिला अर्ज करता येतो. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या आणि मार खाऊन माहेरी परतलेल्या बाईला सासरच्या तालुक्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत, ही केवढी सोय आहे! याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेची नोंद करता येते, आणि न्यायालयाने अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी, असे कायदाच सांगतो. स्वयंसेविका कोर्टात उभी राहू शकत नाही, वकीलपत्र वकिलाचेच. पण कोणत्या दाराशी, कोणते कागद घेऊन जायचे, हे ती सांगू शकते, आणि पहिल्या फोनवर बहुतेकींना तेवढेच हवे असते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४९८-अ ची जागा कलम ८५ व ८६ ने घेतली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले पोटगीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे. गावात मात्र अजून “चारशे अठ्ठ्याण्णव टाकायची” असेच म्हणतात, त्यामुळे फोन उचलणारीला जुने आणि नवे, दोन्ही आकडे पाठ असावे लागतात.