रॅब प्रथिने

पेशीच्या आत पटलांनी वेढलेल्या सूक्ष्म पुटिकांची (पिशव्यांची) वाहतूक नियंत्रित करणारी लहान प्रथिने. त्यांचा रेणुभार सुमारे २०–२५ किलोडाल्टन असून यीस्टमध्ये त्यांचे ११, तर मानवात ६० हून अधिक प्रकार आढळतात. पुटिका कोणत्या पटलाला जाऊन मिळेल, हे बव्हंशी तिच्यावरील रॅबवरून ठरते. प्रत्यक्ष विलीनीकरण मात्र स्नेअर ही निराळी प्रथिने घडवून आणतात.

जीटीपी (तीन फॉस्फेट गट असलेला लहान रेणू) जोडलेले रॅब कार्यक्षम असते. ते पटलावर राहून पुटिका ओढून नेणाऱ्या आणि तिला इच्छित पटलाशी बांधून धरणाऱ्या प्रथिनांना बोलावते. जीटीपीचे विघटन होऊन जीडीपी (दोनच फॉस्फेट गट असलेला रेणू) उरले की रॅब निष्क्रिय होते व जीडीआय हे प्रथिन त्याला पटलावरून सोडवून पेशीद्रवात नेते. विघटनाची क्षमता रॅबमध्ये असली तरी त्याचा स्वतःचा वेग फार मंद असतो, म्हणून ते घडवायला एक आणि नवे जीटीपी बसवायला दुसरे अशी साहाय्यक प्रथिने लागतात. खरे नियंत्रण यांच्याकडेच आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

बाहेरून आत घेतलेला पदार्थ प्रथम रॅब५ असलेल्या पुटिकेत येतो. पुढे तिच्यावरील रॅब५ जाऊन रॅब७ येते आणि ती लयकारिकेकडे (पेशीतील पदार्थांचे पचन करणाऱ्या पुटिकेकडे) वळते. म्हणजे पुटिका तीच, पण रॅब बदलताच तिचे गंतव्य बदलते.

हा मार्ग विषाणूही वापरतात. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत खाडीकाठच्या तलावांतून कोळंबी संवर्धन करणाऱ्यांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चांगलाच परिचित आहे : कोळंबी खाणे सोडते, बांधाच्या कडेला येते, तिच्या कवचावर आतून पांढरे ठिपके उमटतात आणि ३ ते १० दिवसांत जवळजवळ सगळा तलाव रिकामा होऊ शकतो. हा रोग घडवणाऱ्या विषाणूच्या आवरणातील व्हीपी२८ हे प्रथिन टायगर कोळंबीच्या रॅब७ ला चिकटते, असे २००६ मध्ये दाखवण्यात आले. त्यानंतरच्या प्रयोगांत द्विसूत्री आरएनए (ठरावीक जनुकाचे काम थांबवणारा दुहेरी धाग्याचा रेणू) टोचून रॅब७ ची निर्मिती दाबली असता विषाणूची वाढ रोखली गेली. अर्थात एकेका कोळंबीला टोचण्याचा हा उपाय तलावात चालणारा नाही. तेथे पीसीआरने (विषाणूचे जनुकद्रव्य शोधणाऱ्या चाचणीने) तपासलेले बीज आणि पाणी आत घेताना ते गाळून घेणे यांवरच भर द्यावा लागतो.