घामाच्या ठशाने तडकणारं टायटॅनियम

टायटॅनियमला काही म्हणजे काही होत नाही, असं घड्याळं आणि चष्म्याच्या फ्रेमा विकणाऱ्यांनी आपल्या मनावर ठसवलंय. समुद्राच्या पाण्यात ते खरोखरच टिकतं. त्याच्यावरचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर खरवडला, तरी लगेच पुन्हा धरतो. पण ही सगळी मिजास धातू थंड आहे तोवरच.

1950च्या दशकाच्या मध्याला टायटॅनियमच्या मिश्रधातूचे नमुने सुमारे 370 अंश सेल्सिअसला ताणाखाली ठेवून ते किती लांबतात, हे मोजलं जात होतं. काही नमुने अवेळी तडकले. तडे सापडले ते हाताळणाऱ्यांच्या बोटांच्या ठशांपाशी. घामातलं मीठ!

मीठ वितळतं 801 अंशांना. मग 370 अंशांना हा घट्ट कण धातूचं काय वाकडं करणार? गंमत इथेच आहे. मीठ, ऑक्साइडचा थर आणि किंचित दमटपणा यांच्यातून सोडियम टायटॅनेट बनतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हा वायू थराखालच्या धातूला भिडतो. टायटॅनियम क्लोराइड तयार होतं आणि हायड्रोजन मोकळा होतो. त्या क्लोराइडला पाण्याची वाफ भेटली, की पुन्हा ऑक्साइड आणि पुन्हा तोच वायू! क्लोरीन म्हणजे फिरतं भांडवल, फारसं खर्चच होत नाही. म्हणून चिमूटभरही मीठ लागत नाही, ठसा पुरतो.

खरा घात करतो तो हायड्रोजन. टायटॅनियम त्याला अधाशासारखं शोषतं. भेगेच्या टोकाशी ताणामुळे अणूंची जाळी फाकलेली असते, तिथे तो गोळा होतो आणि धातू ठिसूळ होतो. मीठ लागलेला तापवलेला नमुना थंड करून अगदी सावकाश ओढला, तरी हा ठिसूळपणा दिसतो. अल्फा प्रावस्थेत, म्हणजे टायटॅनियमच्या अणूंच्या एका ठरावीक मांडणीत, अॅल्युमिनियम जास्त असेल तर धोका वाढतो, मॉलिब्डेनममुळे कमी होतो. शुद्ध टायटॅनियम मात्र यातून जवळपास सुटतं. म्हणजे बळकटीसाठी मिसळलेलं अॅल्युमिनियमच इथे नडतं.

  

मग समुद्रावरून उडणाऱ्या विमानांच्या इंजिनांत कॉम्प्रेसरची, म्हणजे आत येणारी हवा टप्प्याटप्प्याने दाबणाऱ्या भागाची, पाती पटापट का तडकत नाहीत? खारी हवा आत येते, मागच्या टप्प्यांत तापमानही पुरेसं असतं. पण तिथे हवेचा दाब आणि वेग प्रचंड असतो, आणि दर उड्डाणाला धातू तापतो, निवतो. प्रयोगशाळेतल्यासारखी सलग भट्टी त्याला मिळत नाही. शिवाय शॉट पीनिंग करतात: बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून ठेवतात, म्हणजे भेगेला उघडायला ताणच मिळत नाही. मात्र फार तापलं की हा दाबही सैल पडत जातो, म्हणून कोणता मिश्रधातू किती अंशांपर्यंत वापरायचा याच्या मर्यादा पाळाव्याच लागतात.