गिअरबॉक्स माउंटिंग

गिअरबॉक्स माउंटिंग : मोटारगाडीच्या गिअरबॉक्सची मागची बाजू चौकटीच्या आडव्या पट्टीवर टेकवणारा, बहुधा रबर आणि पोलाद यांचा ठोकळा. गॅरेजच्या बोलीत इंजिनाखालच्या रबरांसह यालाही ‘फाउंडेशन’ म्हणतात. इंजिनाची ताकद वाढवलेल्या गाडीत हा ठोकळा रबराचा ठेवावा, पॉलियुरेथेनचा (रबरासारख्या, पण अधिक कठीण प्लॅस्टिकचा) घ्यावा की थेट धातूचा, हा निवडीचा प्रश्न असतो.

लवचीक बैठकीचे श्रेय सामान्यतः क्रायस्लर कंपनीच्या ‘फ्लोटिंग पॉवर’ योजनेला (प्लिमथ पीए, १९३१) दिले जाते. तीत पुढचा आधार उंचावर, पाण्याच्या पंपाखाली होता आणि मागचा गिअरबॉक्सखाली. दोन्ही आधारांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जाई, त्यामुळे इंजिन त्या रेषेभोवती डोले आणि हादरे चौकटीत कमी उतरत. फ्रेंच लेखक मात्र या कल्पनेचे जनकत्व पिएर लमेर आणि पॉल दोबारेद यांना देतात. सीत्रोएनने १९३२ च्या सुमारास ‘मोत्यर फ्लोतां’ (तरंगते इंजिन) गाड्या काढल्या आणि त्यांच्या बोधचिन्हात हंस घातला. इंजिनाखाली रबराचे तुकडे घालण्याची पद्धत या दोन्ही दाव्यांहून जुनी असावी. नवे होते ते आधारांच्या जागांचे गणित. त्याचा मोठ्या प्रमाणावरील पहिला वापर क्रायस्लरचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

माउंटिंगची नैसर्गिक कंप्रता (वरचा भार एकदा हलवून सोडला, तर तो त्यावर सेकंदाला जितक्या वेळा डोलेल ती संख्या) हादऱ्यांच्या कंप्रतेच्या सुमारे ०·७ पटीहून कमी असेल, तरच ते हादरे अडवते. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या इंजिनाचा मुख्य हादरा २५ हर्ट्झचा (सेकंदाला २५ वेळा) असतो, आठ सिलिंडरचा ५० हर्ट्झचा. म्हणजे मर्यादा अनुक्रमे सुमारे १८ आणि ३५ हर्ट्झ. ताठपणा चौपट केला की नैसर्गिक कंप्रता दुप्पट होते. व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) गाडीत खपून जाणारे पॉलियुरेथेन लहान गाडीत आरसे थरथरवते, त्याचे कारण बव्हंशी हेच. कठीणपणाच्या शोअर ‘ए’ मापावर मूळ रबर साधारण ५० ते ६० आणि बाजारातील पॉलियुरेथेन बहुधा ८० ते ९५ भरते. परंतु कठीणपणा म्हणजे ताठपणा नव्हे. ठोकळ्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा. ठोकळा लाल आहे की काळा, यावरून तर काहीच ठरत नाही.

शेव्हरोले कमॅरोच्या १९८२ ते २००२ च्या पिढ्यांमध्ये हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा होतो. तिथे मागच्या धुऱ्याला पीळ बसू न देणाऱ्या लांब दांड्याचे (टॉर्क आर्म) पुढचे टोक गिअरबॉक्सच्याच शेपटीला जोडलेले असते. इंजिनाचा ४५० न्यूटन-मीटर टॉर्क (पीळ) २·६६ गुणोत्तराच्या पहिल्या गिअरमधून सुमारे १,२०० होतो आणि ३·४२ गुणोत्तराच्या धुऱ्यातून सुमारे ४,१००. जोरात सुटताना दांडा शेपूट वर उचलतो, म्हणजे ठोकळा दाबला न जाता ताणला जातो. नुसते चिकटवलेले रबर अशा वेळी फाटते, म्हणून रबर फाटले तरी सुटे न होणाऱ्या, एकमेकांत अडकवलेल्या पत्र्यांची बनावट पसंत केली जाते. दांड्याचे टोक आडव्या पट्टीवर वेगळे बांधले, तर मूळ रबरही पुष्कळदा पुरते. कठीण माउंटिंग विकत घेण्याआधी हा बदल करणे शहाणपणाचे.

इंजिनाखाली मऊ रबर आणि गिअरबॉक्सखाली भरीव धातू ही जोडी टाळावी, असे जाणकारांचे बहुतेक एकमत आहे. इंजिन डोलू पाहते, शेपूट जखडलेली असते आणि मधल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या कवचाचा कान तडकतो. उलट जोडी, म्हणजे पुढे कठीण आणि मागे रबर, चालते. आडवे इंजिन असलेल्या आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत बहुतेक पीळ इंजिनाला खालून रोखणाऱ्या लहान दांड्यावर येतो. तिथे आधी तो कठीण करतात.

एक्झॉस्ट नळी जवळून जात असेल, तर उष्णतेने पॉलियुरेथेन आणि रबर दोन्ही लवकर खराब होतात. मध्ये पत्र्याची आड लावतात. बसवताना गिअरबॉक्सचे वजन ठोकळ्यावर येईपर्यंत बोल्ट पूर्ण आवळत नाहीत, नाहीतर तो पहिल्या दिवसापासून पिळलेलाच राहतो.