सातची रेघ सोलापुरात कुठे पडेल?

दहा प्रश्न. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. सात किंवा जास्त ‘हो’ आले, तर सविस्तर तपासणी करायची. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराची शंका वेळेत यावी म्हणून अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयातल्या मेरी झानारिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. या विकारात जवळचं माणूस सोडून जाईल ही धास्ती पाठ सोडत नाही. आज जो देव वाटतो तोच उद्या वैरी वाटतो. राग आवरत नाही, आत सतत रितं वाटतं, काही जण स्वतःला इजा करून घेतात. अधिकृत निकषांत अशी नऊ लक्षणं आहेत आणि निदानासाठी त्यांतली किमान पाच लागतात.

समजा, ही प्रश्नावली सोलापूरच्या रुग्णांसाठी मराठीत आणायची आहे. भाषांतराची रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, ते जुळवायचं, मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही उलट-भाषांतराची पद्धत अजून चालते. पण इंग्रजी तंतोतंत जुळलं म्हणजे काम झालं, असं समजणं घातक आहे. माझ्या मते खरं काम त्यानंतर सुरू होतं.

कारण पुढची पायरी आहे माणसांना विचारण्याची: ‘या प्रश्नावरून तुम्हाला काय समजलं?’ पूर्व भागातली विडी वळणारी बाई घ्या. घरात तेलुगू, शाळा झाली ती मराठीत आणि तीही चौथीपर्यंत. नाती वारंवार भांडणांत किंवा तुटण्यात संपतात का, असं विचारलं तर ती ‘नाही’ म्हणेल. लग्न तुटलेलं नाही ना! वर्षातून चारदा तिरीमिरीत माहेरी निघून जाणं आणि परत येणं हे तिच्या हिशेबी ‘तुटणं’ नव्हेच. उतावळेपणाच्या प्रश्नात उधळपट्टी, दारू, बेफाम गाडी चालवणं अशी उदाहरणं असतील, तर तिथेही ‘नाही’ येईल; मजुरी सासूच्या हातात जात असेल तर उधळणार काय? विकार असूनही गुण कमी पडतील. उलट, घरात खरोखरच मारहाण होत असेल तर ‘लोकांवर विश्वास बसत नाही’ याला ती ‘हो’ म्हणेल, आणि त्यात आजार काहीच नसेल. शिवाय वाचता येत नसेल तर प्रश्न कुणीतरी वाचून दाखवणार. सोबत आलेली नणंद शेजारीच बसली असेल, तर उत्तरं कुणाची मानायची?

आकडेमोडीचा भाग त्यामानाने सरळ. दहा प्रश्न एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का, हे क्रॉनबाखचा अल्फा या संख्याशास्त्रीय मापाने पाहतात. दोन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तरं टिकतात का, तेही बघतात. इथे एक गंमत आहे: ज्या विकारात भावनाच तासातासाला बदलतात, तिथे बदललेलं उत्तर हा प्रश्नावलीचा दोष की आजाराचा गुण? म्हणून आजच्या मूडबद्दल न विचारता एरवीच्या स्वभावाबद्दल विचारलं जातंय ना, याची खात्री करावी लागते.

मग कसोटी. प्रत्येकाची मानसोपचारतज्ज्ञांनी सविस्तर, ठरलेल्या साच्यातली मुलाखत घ्यायची आणि मुलाखत घेणाऱ्याला गुण कळू द्यायचे नाहीत. कमी गुणवाल्यांच्या मुलाखतीही घ्यायच्याच. ‘यांना काही नाही’ म्हणून त्यांना सोडलं, तर निसटलेले रुग्ण कधी मोजलेच जात नाहीत आणि चाचणी उगाच हुशार दिसते. प्रत्येक गुणापाशी रेघ ओढून किती रुग्ण सापडले आणि किती निरोगी उगाच अडकले हे बघायचं. सोलापुरात ती रेघ सहावर येईल किंवा आठवरही. सात हा आकडा त्या अमेरिकी गटातून आला. तो इथे आयता चालत नाही.

मूळ अभ्यासात सात या रेघेला संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी सापडलेले, ८१ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे विकार नसलेल्यांपैकी बरोबर वगळलेले, ८५ टक्के होती. ऐकायला छान. आता हेच आकडे धरून एखाद्या कॉलेजात हजार मुलांना प्रश्न विचारले आणि त्यांत २ टक्क्यांना विकार आहे असं मानलं, तर २० पैकी १६ सापडतील. पण उरलेल्या ९८० पैकी १४७ जणांवरही खूण लागेल. म्हणजे खूण लागलेल्या दहांपैकी नऊ जण निरोगी! मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात पाचातल्या एकाला विकार आहे असं धरलं, तर हजारात १६२ खरे आणि १२० खोटे. चाचणी तीच, जागा बदलली. त्यामुळे ही प्रश्नावली व्हॉट्सअॅपवर ‘स्वतःला तपासा’ म्हणून फिरवण्याची कल्पना मला अजिबात पटत नाही. सिव्हिलच्या ओपीडीत, पुढे मुलाखत घ्यायला डॉक्टर असताना, ती उपयोगाची.

स्वतःला इजा करण्याबद्दलच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर मात्र एकूण गुणांची वाट बघायची नसते. एकूण दोनच भरले तरी त्या व्यक्तीशी त्याच दिवशी डॉक्टरांनी बोलायचं आणि घरी जाताना तिच्याकडे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक असायला हवा. संशोधनाच्या आराखड्यात ही सोय पहिला कागद छापण्याआधी लिहून ठेवतात, आणि नैतिकता समितीही आधी तेच पान उघडते.