विद्यापीठीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा

एकाच शिक्षणसंस्थेतील तीन विद्यार्थ्यांच्या संघाने ठरावीक वेळेत गणिती स्वरूपाचे प्रश्न सोडवणारे प्रोग्रॅम लिहून ते यंत्राकडून तपासून घेण्याच्या चढाओढीस विद्यापीठीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा म्हणतात. या प्रकारातील सर्वांत मानाची स्पर्धा आयसीपीसी (इंटरनॅशनल कॉलेजिएट प्रोग्रॅमिंग कॉन्टेस्ट) या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचे मूळ अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठात १९७० मध्ये झालेल्या स्पर्धेत असून पहिली अंतिम फेरी १९७७ मध्ये भरली.

संघाला पाच तास, साधारणपणे आठ ते तेरा प्रश्न आणि एकच संगणक मिळतो. स्पर्धेचा खरा कस या शेवटच्या अटीत आहे. एक जण टाइप करत असताना उरलेल्या दोघांना कागदावरच विचार करावा लागतो, आणि अडलेल्या प्रोग्रॅमची छापील प्रत घेऊन बाजूला बसून चूक शोधणे व तोवर कीबोर्ड दुसऱ्याच्या हाती देणे हे कौशल्य वेगळे कमवावे लागते. ज्याचे अधिक प्रश्न सुटतील तो संघ वर. प्रश्नसंख्या समान असेल तर वेळ पाहिली जाते. सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाला स्पर्धा सुरू झाल्यापासून लागलेली मिनिटे आणि त्याआधीच्या प्रत्येक चुकीच्या प्रयत्नामागे २० मिनिटे दंड अशी ही बेरीज असते. म्हणजे ४७व्या मिनिटाला, दोन चुकांनंतर सुटलेला प्रश्न ८७ मिनिटांना पडतो. न सुटलेल्या प्रश्नावरील चुकांना मात्र दंड नाही. प्रश्न सुटला की त्याच्या ठरलेल्या रंगाचा फुगा संघाच्या टेबलाला बांधतात, त्यामुळे शेजारी कोणता प्रश्न सुटला हे मान वर केली तरी कळते. शेवटच्या तासात गुणफलक गोठवला जातो, म्हणजे नवे निकाल त्यावर दिसत नाहीत.

परीक्षक-यंत्र प्रोग्रॅम वाचत नाही. लपवून ठेवलेल्या चाचण्यांवर तो चालवून उत्तर आणि लागलेला वेळ एवढेच तपासते. उदाहरणार्थ, बाजारात आलेल्या एक लाख आंबापेट्यांची वजने पूर्णांकांत दिली आहेत. ज्यांच्या वजनांची बेरीज ठरावीक संख्येइतकी होते अशा जोड्या किती, असा प्रश्न समजा. प्रत्येक पेटी प्रत्येक पेटीशी ताडून पाहिल्यास सुमारे ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतात आणि एक-दोन सेकंदांची मुदत सहज संपते. विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘टीएलई (टाइम लिमिट एक्सीडेड) आला’. वजने आधी चढत्या क्रमाने लावली, तर त्या कामाला सुमारे १७ लाख तुलना लागतात आणि नंतर एक बोट सुरुवातीकडून पुढे व एक शेवटाकडून मागे सरकवत एकाच फेरीत मोजणी होते. एवढ्यावर प्रश्न सुटला असे वाटते, पण खरी मेख पुढे आहे. सगळ्याच पेट्या सारख्या वजनाच्या असतील आणि ठरावीक संख्या त्या वजनाच्या दुप्पट असेल तर प्रत्येक जोडी चालते, उत्तर जवळजवळ ५०० कोटी होते, आणि ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात २१४ कोटींच्या थोडे वर गेलेली संख्या मावत नाही. सारखी वजने गटाने मोजावी लागतात, तेही अनेकदा निसटते. असे टोकाचे नमुने हाताने करून पाहण्याची सवय नसेल, तर पाठ केलेल्या रीती फारशा कामी येत नाहीत.

भारतात अलीकडे पहिली चाळणी ऑनलाइन होते आणि निवडलेले संघ अमृतपुरी, कानपूर यांसारख्या केंद्रांवरील प्रादेशिक फेरीस जातात. कोकणात लोणेरे (जि. रायगड) येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ (स्थापना १९८९) आहे, तर रत्नागिरी शहरात आणि देवरुखजवळ आंबव येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. संघ एकाच संस्थेचा असावा लागत असल्याने दोन महाविद्यालयांतील हुशार मित्रांना एकत्र उतरता येत नाही, आणि लहान महाविद्यालयात तिसरा गडी शोधणे हेच पहिले काम ठरते. दुसरी अडचण भाषेची. प्रश्न इंग्रजीत, बहुधा लांबलचक गोष्टीच्या रूपात असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला गणित कळते, पण गोष्टीतून ते वेगळे काढण्यात मिनिटे जातात. म्हणून प्रश्न वाचून त्याचा दोन ओळींत मराठी सारांश सांगणारा एक जण संघात असावा. हे काम दुय्यम समजणे चूक आहे. पावसाळ्यात वीज गेली तर ऑनलाइन फेरीत इन्व्हर्टर आणि मोबाइलचे इंटरनेट हाताशी लागते, पण कागदावरचा सराव त्यावाचून अडत नाही.

अमृतपुरी हे केंद्र केरळच्या कोल्लम जिल्ह्यात, अरबी समुद्र आणि खाडीपाणी यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यामुळे रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेसने अमृतपुरीजवळच्या कायमकुलम स्थानकापर्यंत गाडी न बदलता जाता येते. अंतिम फेरीत संघाला २५ पानांपर्यंतची छापील संदर्भवही नेता येते, आणि प्रादेशिक केंद्रांवरही बहुधा छापील टिपणे चालतात. सोबत मोबाइल किंवा इंटरनेट नसल्याने त्या वहीत कोणती रीत कुठल्या पानावर आहे, हे तिघांनाही पाठ असावे लागते.