तडजोड झाली म्हणजे प्ली बार्गेनिंग नव्हे

‘आपसात मिटवून टाकू’ म्हणत आलेला आरोपी प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेण्याचा, अर्ज भरून जातो, तेव्हा आपण काय पत्करलं हे त्याला ठाऊक नसतं. वर्तमानपत्रं दोन्हीला ‘तडजोड’च म्हणतात, त्यामुळे हा घोळ काही संपत नाही.

तडजोड, म्हणजे केस कंपाउंड करणं, सगळ्यांना माहीत असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 359 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 320). कोणता गुन्हा, कोणी मिटवायचा, न्यायालयाची परवानगी लागते की नाही, हे तिथल्या तक्त्यांत दिलंय. तक्त्यात नसेल तर मिटत नाही.

प्ली बार्गेनिंग आपल्याकडे 2006 पासून आहे. आता ते याच संहितेच्या कलम 289 ते 300 मध्ये. दोषारोप निश्चित झाल्यापासून 30 दिवसांत आरोपीने शपथपत्रासह अर्ज करायचा. न्यायाधीश त्याला एकट्याला विचारतात, स्वखुशीने करतोयस ना? मग सरकारी वकील, तपास अधिकारी, पीडित, आरोपी यांची बैठक. सात वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे, स्त्री किंवा बालकाविरुद्धचे गुन्हे यातून बाहेर.

आता खरी मेख. तडजोड झाली की कायद्याने ती निर्दोष मुक्तता ठरते. प्ली बार्गेनिंगमध्ये मात्र दोषसिद्धी होते. चोरीचंच घ्या: तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मालकाने मिटवलं तर आरोपी सुटला, नोंद निर्दोष म्हणून. बार्गेनिंगला गेला तर शिक्षा एक चतुर्थांश, म्हणजे 9 महिने. पहिलाच गुन्हा असेल तर एक षष्ठांश, 6 महिने. न्यायालय परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवरही सोडू शकतं, पण नोकरीच्या फॉर्मवरच्या ‘दोषी ठरला आहात का?’ या रकान्यात ‘होय’ लिहावंच लागतं. शिवाय अपील नाही. उरतात फक्त उच्च न्यायालयात रिट याचिका आणि सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी याचिका. म्हणून गुन्हा तडजोडपात्र असताना बार्गेनिंग सुचवणं हा माझ्या मते निव्वळ आळस आहे.

‘तारखांवर तारखा नकोत, कबूल करून टाक’ हा सल्ला तर त्याहून वाईट. जलद सुनावणी हा राज्यघटनेच्या कलम 21 मधला हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या हुसैनआरा खातून निकालापासून (1979). तो मिळवायला गुन्हा कबूल करावा लागत नाही. आरोपी कच्च्या कैदेत असेल तर आधी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 बघा: जन्मठेपेचा वा फाशीचा गुन्हा नसेल, दुसरे खटले प्रलंबित नसतील आणि हा पहिलाच गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश कैद भोगल्यावर जामीन मिळतो.