आवडता राय निवडताना: तीन चित्रपट की एकच?

सत्यजित राय यांच्या चित्रपटांतून एकच निवडा म्हटलं की बरेच जण 'अपूत्रयी', म्हणजे अपू या मुलाच्या आयुष्यावरचे 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपुर संसार', म्हणून मोकळे होतात. मागितला एक, उचलले तीन, आणि त्यावर कोणी हरकतही घेत नाही. ही सवलत कधी रूढ झाली ते पाहायचं तर सुरुवात १९५७च्या व्हेनिसपासून करावी लागेल. त्याआधीचं सगळं, म्हणजे 'पथेर पांचाली'चं पैशांअभावी रखडलेलं चित्रीकरण, गहाण पडलेले दागिने, सरकारी मदत, वाचकांना पाठ आहे.

'पथेर पांचाली' १९५५ मध्ये आला तेव्हा पुढचे दोन भाग ठरलेले नव्हते. पहिला चालला म्हणून १९५६ मध्ये 'अपराजितो' झाला, आणि कलकत्त्यात तो पडला. मुलगा शिकायला शहरात जातो, हळूहळू आईपासून तुटत जातो आणि त्याबद्दल त्याला फारसं वाईटही वाटत नाही, हे तिथल्या प्रेक्षकाला रुचलं नाही. पुढच्या वर्षी याच चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तिथे पत्रकारांनी विचारलं, हे तीन भागांत करायचं डोक्यात आहे का? राय 'हो' म्हणून गेले. तिसरा भाग 'अपुर संसार' पडद्यावर आला १९५९ मध्ये. मधल्या काळात 'परश पाथर' आणि 'जलसाघर' हे दोन अगदी वेगळ्या जातीचे चित्रपट येऊन गेले होते.

शिवाय मूळ कादंबऱ्या दोन आहेत आणि चित्रपट तीन. कादंबऱ्यांच्या सीमा चित्रपटांच्या सीमांशी जुळत नाहीत. दुसऱ्या चित्रपटाचा सुरुवातीचा काशीचा भाग पहिल्या कादंबरीच्या शेवटातून आला आहे, पुढचा दुसरीच्या आरंभातून. तीन चित्रपटांत अपू चार जणांनी केला. थोरल्या अपूसाठी पुढे गाजलेला नट 'अपराजितो'च्याच वेळी समोर आला होता. त्या भागातल्या अपूसाठी तो मोठा दिसतो म्हणून थांबवला गेला. एकूण काय, आधी आराखडा आखून उभी केलेली ही इमारत नव्हे. खोल्या एकेक करून वाढत गेल्या आणि घराला नाव मागाहून पडलं.

आता निवडीच्या मूळ भांडणाकडे. लंडनहून निघणारं एक सिनेनियतकालिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वोत्तम चित्रपटांची मतं मागवतं. प्रत्येकाने दहा नावं द्यायची. १९९२च्या कौलात 'पथेर पांचाली' सहावा होता. पण दोन-तीन भागांत पसरलेल्या कामाचं मत मोजायचं कसं, हा पेच त्या कौलाला पुन्हापुन्हा पडत आला. सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'गॉडफादर'चं. २००२ मध्ये त्याच्या पहिल्या दोन भागांची मतं एकत्र धरली आणि जोडी चौथी आली. २०१२ मध्ये भाग वेगळे मोजायचं ठरलं, तेव्हा पहिला एकविसावा आणि दुसरा एकतिसावा. चित्रपट तेच होते, बदलला तो फक्त मोजण्याचा नियम. उलट बाजूला न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकाने २००५ साली शंभर चित्रपटांची यादी काढली, तिच्यात अपूचे तिन्ही भाग मिळून एकच नोंद होती.

वेगळं मोजण्याविरुद्धचा युक्तिवाद सोपा आहे: मतं फुटतात, आणि एकसंध काम करणाऱ्या दिग्दर्शकावर अन्याय होतो. वरवर हे पटतं. पण एकत्र मोजण्याने खरा तोटा होतो तो मधल्या भागाचा, हे क्वचितच बोललं जातं. त्रयीला मत देणाऱ्याच्या मनात बहुधा पहिल्यातली आगगाडी असते, नाहीतर शेवटच्यातलं बाप-लेकाचं दृश्य. 'अपराजितो' मधल्यामध्ये फुकटात निवडून येतो आणि त्याच्याबद्दल बोलायची गरजच उरत नाही. राय यांच्याच पिढीतल्या दोन मोठ्या बंगाली दिग्दर्शकांना तो पहिल्यापेक्षा सरस वाटायचा. त्यात सुटी संपवून निघालेला अपू स्टेशनवर जातो, समोर आलेली गाडी सोडतो, घरी परततो आणि आईला सांगतो की गाडी चुकली. आईला एक दिवस जास्तीचा मिळतो, पण प्रेमाचा एक शब्दही कोणी उच्चारत नाही. याच चित्रपटात काशीचं घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलं होतं. उघड्या चौकात वरून झिरपणारा उजेड हवा, म्हणून छायाचित्रकाराने चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर मारले. परत फिरून आलेल्या त्या मऊ उजेडात सेट आहे हे ओळखूच येत नाही. एवढं सगळं ज्यात आहे त्याला स्वतःच्या नावावर एक मत मिळायला काय हरकत आहे?

खुद्द राय यांना विचारलं तर ते त्रयीकडे वळत नसत. त्यांचं उत्तर 'चारुलता' (१९६४). सगळ्यात कमी चुका त्यात झाल्या, पुन्हा केला तर असाच करीन, असं ते सांगत. सुरुवातीची काही मिनिटं पाहिली तरी ते पटतं. दुपारच्या रिकाम्या घरात चारू दुर्बीण डोळ्याला लावून एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात रस्त्यावरची माणसं बघते. मग पुस्तकात डोकं घातलेला नवरा तिच्या शेजारून निघून जातो. त्याचं लक्षच नसतं. पाठमोऱ्या नवऱ्याकडेही ती दुर्बिणीतूनच पाहते.

निवडीचा दुसरा धागा म्हणजे काय बघायला मिळालं. पॅरिसमध्ये 'जलसाघर' लागला तो थेट १९८१ साली, आणि तिथल्या रसिकांचा राय बराचसा त्या चित्रपटाने घडवला. आपल्याकडे भाषेमुळे अनेकांची पहिली भेट 'शतरंज के खिलाडी' (१९७७) किंवा दूरचित्रवाणीसाठी केलेल्या 'सद्गती'मुळे (१९८१) झाली. बाकीचे फिल्म सोसायटीत, नाहीतर रविवारी दुपारच्या प्रादेशिक चित्रपटात, खरवडलेल्या प्रिंटवर आणि निम्म्या दिसणाऱ्या सबटायटल्सवर. त्या वेळी 'चारुलता' निवडणाऱ्याने पडद्यावर नेमकं किती पाहिलं असेल, हा प्रश्नच आहे.

१९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली, त्यात त्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ठिसूळ, चिकटलेल्या पट्ट्या ओलावा देऊन सोडवल्या गेल्या. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हमधून मिळाला. 'अपुर संसार'चे उरलेले तुकडे मात्र कामाचे नव्हते, तो इतर प्रतींवरूनच घ्यावा लागला. २०१५ मध्ये हे तिन्ही एकाच संचात जगासमोर आले, आणि 'तीन म्हणजे एक' ही समजूत आणखी पक्की झाली. दुकानदाराला ती सोयीचीच होती.

कौल मात्र दुसऱ्या दिशेला गेले. लंडनच्या कौलात २०१२ मध्ये 'पथेर पांचाली' बेचाळिसावा होता, २०२२ मध्ये पस्तिसावा, आणि त्या शंभरात राय यांचा दुसरा चित्रपटच नव्हता. त्याच वर्षी भारतातल्या तीस समीक्षकांनी गुप्त मतदान केलं. त्यात भारतीय चित्रपटांत तोच पहिला आला आणि 'चारुलता' सातवा. त्यानंतर २०२५च्या मे महिन्यात 'अरण्येर दिन रात्री' नव्याने स्वच्छ होऊन कान महोत्सवात दाखवला गेला. लंडनचा पुढचा कौल नेहमीच्या अंतराने झाला तर २०३२ मध्ये. भाग वेगळे मोजायचा नियम टिकला, तर ज्याला अख्खी त्रयी हवी त्याला आपल्या दहातली तीन मतं तिच्यावर खर्च करावी लागतील.